गेम फुकट, चिठ्ठी विकत

‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण हसत हसत म्हणतो आणि साडीखरेदीवर मिळालेला प्लॅस्टिकचा डबासुद्धा वर्षानुवर्षं जपून ठेवतो. त्यामुळे मुलं जेव्हा ‘अगं आई, फुकट आहे गेम, एक पैसा लागत नाही’ असं सांगतात, तेव्हा आपली निम्मी काळजी तिथंच मिटते. उरते ती डोळ्यांची आणि अभ्यासाची. पैशाची काळजी आपल्या यादीत येतच नाही. आणि मैत्रिणींनो, मुलं खोटं बोलत नसतात. गेम खरंच फुकट असतो. फुकट डाऊनलोड होतो, फुकट खेळता येतो, महिनोन् महिने खेळला तरी कुणी बिल पाठवत नाही. मग हे गेम बनवणाऱ्या कंपन्या गडगंज कशा होतात, हा साधा हिशेब मात्र आपण विचारत नाही.

मी बोलतेय ते त्या मोठ्या डोळ्यांच्या, निळ्या-गुलाबी केसांच्या, हातात तलवार घेतलेल्या मुला-मुलींच्या गेम्सबद्दल. मुलांच्या खांद्यावरून डोकावताना तुम्हीही पाहिले असतील. या चित्रशैलीला ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात, जपानमधून आलेली. आपल्या पिढीला ती वाटते तितकी परकी नाही बरं का! नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी आंघोळी टाकून आपण दूरदर्शनवर जो मोगली बघायचो, तो मूळचा जपानी अ‍ॅनिमेच होता. पुढे आपल्या मुलांनी डोरेमॉन आणि शिनचॅनवर जेवणाची ताटं थंड केली. आता तीच मुलं मोठी झाली आहेत आणि तीच शैली त्यांच्या मोबाइलमध्ये खेळ होऊन आली आहे. गंमत म्हणजे यातले गाजलेले गेम बरेचसे जपानचे नाहीत, चीनचे आहेत.

त्यातला सगळ्यांत गाजलेला म्हणजे ‘गेन्शिन इम्पॅक्ट’. २८ सप्टेंबर २०२० रोजी, म्हणजे ऐन करोनाच्या वर्षात, मुलं घरात कोंडलेली असताना तो आला. शांघायच्या ‘मिहोयो’ कंपनीनं तो बनवला. ही कंपनी विद्यापीठात एकत्र शिकणाऱ्या तीन तरुणांनी २०१२ मध्ये काढलेली. त्याच कंपनीचे पुढे ‘होनकाई: स्टार रेल’ (२०२३) आणि ‘झेनलेस झोन झीरो’ (२०२४) आले. दुसऱ्या एका चिनी कंपनीचा ‘वदरिंग वेव्ज’ मे २०२४ मध्ये आला. यादी लांबत जाईल, कारण दर वर्षी दोन-चार नवे येतातच.

नुसती नाकं मुरडण्याआधी हे गेम एकदा नीट बघावेत असं मला वाटतं. मी बघितले. डोंगर, कुरणं, समुद्र, मावळतीचा उजेड, सगळं इतकं देखणं की आपणही दोन मिनिटं थबकतो. चार जण चार गावांतून एकत्र येऊन हिंडू शकतात. गेन्शिनमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये ‘सुमेरू’ नावाचा प्रदेश आला. नाव आपल्या पुराणातलं! तिथल्या संगीतात बासरी, सतार, तबला वाजतो, ‘आकाश’ आणि ‘संसार’ हे शब्द ऐकू येतात. फक्त सुमेरूची माणसं इतकी गोरीपान कशी, हा प्रश्न मला पडला. तो जगभरच्या खेळाडूंनाही पडला होता आणि त्यांनी कंपनीला चांगलं सुनावलंही होतं. बायकांच्या पात्रांचे तोकडे कपडे हा आणखी एक विषय. २०२२ च्या सुरुवातीला त्यातल्या चौघींना चीनमध्ये जरा अंगभर कपडे चढवले गेले. असो.

तर पैसा कुठून येतो? या गेम्समध्ये पात्रं गोळा करायची असतात. सुरुवातीची काही मिळतात. जी खरी देखणी, बलवान, ज्यांच्या जाहिराती चालतात, ती मिळवायला नशीब आजमावावं लागतं. याला ‘गाचा’ म्हणतात. जपानमध्ये दुकानांबाहेर खेळण्यांची यंत्रं असतात. नाणं टाकायचं, कळ फिरवायची, की एक गोल डबी बाहेर पडते. आत कोणतं खेळणं आहे ते उघडल्यावरच कळतं. कळ फिरवतानाचा आवाज ‘गाचा’, डबी पडतानाचा ‘पोन’, म्हणून ‘गाचापोन’. आपल्याला हे नवीन आहे का? शाळेजवळच्या दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या असायच्या. दहा पैशाला एक फाडायची. वरच्या बाजूला लटकलेली बाहुली नाही तर बॅट दिसत असायची आणि हातात यायची लिमलेटची गोळी. फरक इतकाच की दहा पैसे संपले की आपण घरी जायचो. दुकानदार आपल्या उशाशी येऊन झोपत नव्हता.

आता आकडे बघा. हे आकडे गेममध्येच दिलेले असतात, कोपऱ्यातल्या छोट्या अक्षरांत. गेन्शिनमध्ये सर्वांत वरच्या दर्जाचं पात्र एका चिठ्ठीत मिळण्याची शक्यता आहे ०.६ टक्के. म्हणजे हजारात सहा. नव्वद चिठ्ठ्या फाडूनही काही आलं नाही असं होऊ नये म्हणून कंपनीनं हमी ठेवली आहे, नव्वदाव्या चिठ्ठीपर्यंत वरच्या दर्जाचं एक पात्र नक्की. या हमीला खेळाडू ‘पिटी’ म्हणतात. पिटी म्हणजे दया! कुणाची कुणाला दया, ते आपण बघतोच आहोत. पण हमी आहे ती ‘एका’ पात्राची, हव्या त्या पात्राची नाही. ते हवं तेच असेल याची शक्यता साधारण निम्मी. नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून, पुढच्या खेपेला मात्र नक्की. म्हणजे नशीब अगदीच फुटकं असेल तर १८० चिठ्ठ्या. आपल्या भिशीत निदान प्रत्येकीचा नंबर ठरलेल्या महिन्यांत लागतो, आणि भरलेले तेवढे परत मिळतात.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीची मुलं संभाव्यतेचं प्रकरण करत होती. लाल चेंडू, निळे चेंडू, पत्त्यांचा कॅट, सगळ्यांना जांभया. मी गाचाचं गणित फळ्यावर मांडलं. हमी नसती आणि प्रत्येक वेळी हजारात सहा हीच शक्यता राहिली असती, तर नव्वद चिठ्ठ्यांनंतर रिकाम्या हातानं किती जण परततील? मोबाइलवर आकडेमोड करून एका मुलानं उत्तर काढलं, शंभरातले जवळजवळ ५८. वर्गात चिडीचूप. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘काकू, म्हणजे माझं नशीब खराब नाहीये, गेमच तसा आहे?’’

या चिठ्ठ्या पैसे न देताही मिळतात, म्हणूनच खेळ ‘फुकट’. रोजची चार कामं केली की ६० रत्नं मिळतात आणि एका चिठ्ठीला १६० लागतात. महिनाभर न चुकता हजेरी लावली तर या कामांतून अकरा चिठ्ठ्या होतात. इतर बक्षिसं वेगळी, पण ती मोजकी. आणि हवं असलेलं पात्र मात्र सोडतीत साधारण तीनच आठवडे असतं. ‘आई, पाचच मिनिटं, डेली राहिलंय’ या वाक्याचा उगम इथे आहे. महिन्याचं एक स्वस्त पासही विकत मिळतं. त्याचा मोठा भाग रोज थोडा थोडा हातात पडतो आणि ज्या दिवशी गेम उघडला नाही त्या दिवसाचा बुडतो. म्हणजे पैसे भरून वर हजेरीचं बंधन. आपल्याकडे हे इतक्या चोखपणे दूधवाल्यालाही जमलं नाही.

विकत घ्यायचं तर रुपये देऊन थेट चिठ्ठी मिळत नाही. रुपयांचे आधी स्फटिक घ्यायचे, स्फटिकांची रत्नं करायची, रत्नांच्या चिठ्ठ्या घ्यायच्या. तीन वेळा मोड केल्यावर मोठ्या माणसालाही आठवत नाही की एक चिठ्ठी नेमकी केवढ्याला पडली. मी वही-पेन घेऊन बसले. सर्वांत मोठं पाकीट साधारण शंभर डॉलरचं. त्यात नेहमीच्या भावानं पन्नासेक चिठ्ठ्या येतात. तर ते फुटक्या नशिबाचं १८० चिठ्ठ्यांचं पात्र सगळं विकतच घ्यायचं म्हटलं तर तीस हजार रुपयांच्या पुढे जातं. एक पात्र. पडद्यावरचं.

हा मोडीचा घोळ केवळ माझ्यासारख्या कलाशाखेच्या बाईलाच खटकला असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक हिताचं बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशननं याच गेमच्या तिथल्या कंपनीविरुद्ध कारवाई केली. खरा खर्च आणि मोठं बक्षीस मिळण्याची शक्यता याबाबत मुलांची दिशाभूल झाली, असा त्यांचा आरोप होता. कंपनीनं दोन कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकायच्या नाहीत, असंही ठरलं.

जपाननं तर आधीच चटका खाल्ला होता. तिथे ‘कॉम्पु गाचा’ नावाचा प्रकार होता. चिठ्ठ्यांतून निघालेल्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच झाला तरच मोठं बक्षीस. पाच मिळाल्या, सहावी काही केल्या येत नाही, आणि पाच तर वाया जाऊ द्यायच्या नाहीत! सरकारनं २०१२ मध्ये तो बेकायदा ठरवला. २०१६ मध्ये ‘ग्रानब्लू फँटसी’ या गेममध्ये एका पात्रापायी लोकांनी इतका पैसा ओतला की गदारोळ झाला. त्यानंतर त्या कंपनीनं ३०० चिठ्ठ्यांनंतर हवं ते पात्र देण्याची सोय केली. चीननं २०१७ पासून शक्यतेचे आकडे जाहीर करायला लावले, दक्षिण कोरियानं २०२४ मध्ये त्यासाठी कायदा लागू केला. बेल्जियमनं २०१८ मध्ये विकतच्या अशा सोडतींना जुगारच म्हटलं. आणि चीननं आपल्या अठरा वर्षांखालच्या मुलांना २०२१ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन गेमसाठी ठेवला. गेम जगाला आणि शिस्त घरच्या मुलांना!

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत झाला. तेव्हा बऱ्याच जणींना वाटलं की सुटलो. पण त्याचा रोख होता पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर, रमी वगैरेंवर. गाचात पैसे जातात, पण जिंकलेलं पात्र मोडून रोख पैसे हातात येत नाहीत. त्यामुळे या कायद्याच्या भरवशावर घरातलं लक्ष काढून घेण्यात अर्थ नाही.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हा लेख लिहायला घेतला ती. आमच्या बचत गटातली एक जण चार घरी पोळ्या करते. मुलगा नववीत, हुशार, आईला जीव लावणारा. तिच्या मोबाइलवरचं सगळं तोच करून देतो. लाइट बिल, रिचार्ज, गॅसचा नंबर. साहजिकच यूपीआयचा पिन त्याला पाठ. तीन आठवड्यांत तिच्या खात्यातून आठ हजार चारशे रुपये गेले. एकदम नाही, एकोणनव्वद, एकशे एकोणसाठ, दोनशे नव्वद, असे. ते पैसे गटाच्या कर्जातले होते, मुलाच्याच क्लासची फी भरायला काढलेले. गेम कोणता होता ते महत्त्वाचं नाही. मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘‘मी दर वेळी थोडेच घेतले. अजून एक केलं की येणार होतं.’’

नवरा मुलावर ओरडला नाही, तिच्यावर ओरडला. ‘तूच लाडावलास, फोन तूच दिलास, पिन तूच सांगितलास.’ सासूनं री ओढली. आठ दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही. ती मला म्हणाली, ‘‘ताई, पैसे फेडीन हो मी, एक घर जास्तीचं धरीन. पण आता त्याला बिल भरायला फोन द्यायचा की नाही? मला तर ते येत नाही.’’

मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. पन्नाशीच्या आतबाहेरच्या आपल्यासारख्या कितीतरी जणींनी आपला डिजिटल कारभार मुलांवर सोपवला आहे. मुलं करतात, आपल्याला कौतुक वाटतं. पण घरातल्या कपाटाच्या किल्ल्या आपण नववीतल्या पोराकडे दिल्या असत्या का? आणि चूक झाली की खापर फुटतं ते बाईच्याच डोक्यावर. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत आम्ही पापड-लोणच्याचा हिशेब बाजूला ठेवून तासभर फोनच घेऊन बसलो. पिन प्रत्येकीनं स्वतः बदलला. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी पासवर्ड मागण्याची सोय असते, ती चालू केली. गुगलच्या ‘फॅमिली लिंक’मध्ये मुलाच्या खात्यावरची खरेदी आईच्या मंजुरीशिवाय होत नाही आणि अ‍ॅपलच्या फोनवर ‘आस्क टू बाय’ नावाची तशीच सोय आहे. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गुगलकडे परताव्याची मागणी करावी, नंतर गेमवाल्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. एक चोरवाट मात्र उरते. प्ले स्टोअरचे रिडीम कोड रोखीनंही मिळतात. खाऊच्या आणि ओवाळणीच्या पैशांवर डोळा ठेवा, इतकंच सांगते.

हे सगळं मुलग्यांचंच, असं वाटत असेल तर तसं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘इन्फिनिटी निकी’ आला, नटण्यामुरडण्याचा गेम. निकी नावाची गोड मुलगी, मोठं मोकळं रान आणि कपडेच कपडे. आपण कागदाच्या बाहुल्यांना कागदाचे झगे घालायचो त्याची ही नात म्हणा. माझ्या भाचीनं मला अर्धा तास त्यातले फ्रॉक दाखवले आणि मला ते आवडले, हे कबूल. एप्रिल २०२५ पासून त्यात मैत्रिणींबरोबर एकत्रही खेळता येतं. पण इथेही चिठ्ठ्या. पूर्ण पोशाख एकदम मिळत नाही. झगा वेगळा, बूट वेगळे, कानातले वेगळे, नऊ-दहा, कधी अकरा नग. विसाव्या चिठ्ठीपर्यंत एक नग नक्की. अकरा नगांना गुणाकार तुम्हीच करा. साडी मिळाली, परकर मिळाला, आणि ब्लाऊजसाठी पुन्हा रांगेत! अकरा नगांवरून आणि त्या वेळच्या इतर गोंधळावरून खेळणाऱ्या मुली इतक्या चिडल्या की त्यांनी बहिष्काराची हाक दिली. कंपनीला माफी मागावी लागली. मला त्या मुलींचा अभिमान वाटला.

विकत घेतलेल्या या वस्तू आपल्या मालकीच्या होतात का? नाही. गेम बंद पडला की सगळं जातं. जपानचा ‘ब्लू प्रोटोकॉल’ जून २०२३ मध्ये मोठा गाजावाजा करत सुरू झाला आणि १८ जानेवारी २०२५ रोजी बंद झाला. दोन वर्षंसुद्धा धड नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच नावाचा नवा गेम एका चिनी कंपनीनं आणला, ‘ब्लू प्रोटोकॉल: स्टार रेझोनन्स’. पण जुन्या गेममध्ये ज्यांनी जमवलं होतं, ते जमवलेलं तिथंच राहिलं. आपल्या आईनं जपलेली भातुकली निदान माळ्यावर तरी सापडते.

एकत्र खेळण्याबद्दल एक सांगायला हवं. आई-बापांना वाटतं, मुलगा कोंडून घेऊन एकटा बसलाय. बरेचदा तो एकटा नसतो, कुणी नागपूरचा, कुणी फिलिपिन्सचा, असा त्याचा चमू असतो. बुजऱ्या मुलांना यातून बोलायला माणसं मिळतात, हे मी पाहिलं आहे. पण ती माणसं कोण, हे त्यालाही ठाऊक नसतं. मुली तर कितीदा मुलग्याचं नाव घेऊन खेळतात, आणि ते का, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फोटो, शाळेचं नाव, पत्ता द्यायचा नाही, हे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाबद्दल जसं सांगतो तसंच इथेही सांगावं. त्याचा ‘चमू’ कोण आहे हे जेवताना विचारावं. मुलं सांगतात. फार उत्साहानं सांगतात. आपण ऐकत नाही.

आणि आता येणाऱ्या गेम्सकडे बघताना मला थोडी आशा वाटते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ड्युएट नाइट अबिस’ नावाचा गेम आला. त्याच्या कंपनीनं पात्रांची सोडत आधी ठेवली होती, पण गेम बाजारात आणण्यापूर्वीच काढून टाकली. पात्रं खेळून मिळवायची, चिठ्ठी नाही. त्याच वर्षी टोकियोच्या गेम प्रदर्शनात ‘अनंता’ या गेमवाल्यांनीही जाहीर केलं की पात्रांसाठी सोडत नसेल. म्हणजे सोडतीशिवाय हे गेम चालूच शकत नाहीत, असं काही नाही. खेळणाऱ्यांनी कंटाळून, चिडून, पाठ फिरवून दाखवल्यावर कंपन्या दुसरी वाट शोधतात. कमाई कशावर करणार? पात्रांच्या कपड्यांवर आणि सजावटीवर म्हणे. आता कपड्यांच्या मोहाबद्दल आपण काय बोलावं! माझ्या भाचीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मावशी, अगं पण मग दुकानासारखंच झालं ना, आवडला तर घ्यायचा, किंमत आधी बघून.’’ आणि लगेच किती जागा लागेल ते बघायला फोन हातात घेतला.